सोमवारी पहाटेची कणीक आणि नखांवरची चमकी

“ताई, मी आमच्या गावात पोळी-भाजी केंद्र चालवते. रोज पहाटे पाचला कणीक मळायला घेते, दीडशे-दोनशे पोळ्या असतात. मे महिन्यात बहिणीच्या मुलीच्या लग्नात हौसेने चमकीचं नेलपेंट लावलं. रविवारी रात्री काढायला बसले तर निघेचना. रिमूव्हरच्या वाइप्सची अख्खी डबी संपली, शेवटी ब्लेडने खरवडलं. सोमवारी हातमोजे घालून कणीक मळली, तरी एका गिऱ्हाइकाच्या पोळीत चमकीचा ठिपका निघालाच. लाजेने मेले. नखांचे आता पापुद्रे सुटतात, पांढरे डागही पडलेत. पुढच्या महिन्यात दिराच्या मुलाचं लग्न आहे. शनिवारी हळद, रविवारी लग्न, सोमवारी पुन्हा पोळ्या. नऊ वर्षांची लेक म्हणते, मलाही लाव. नणंद म्हणते, बेचाळिशीत चमकी शोभते का? तुम्हीच सांगा, लावू की नको? लावली तर सोमवारच्या आत काढू कशी? आणि सोनेरी लावू की चंदेरी?
– चमकीने गांजलेली”

नणंदबाईंचा प्रश्न आधी निकालात काढते. मी बरीच वर्षं पार्लर चालवलं. नातवाच्या बारशाला दहाही बोटांवर चमकी लावून घेणारी सत्तरीची आजी मी पाहिलीय, आणि तिला ती छान दिसत होती. तेव्हा वयाचं राहू द्या. तुमच्या बाबतीत अडचण आहे ती कामाची. तुमचे हात लोकांच्या अन्नात असतात, त्यामुळे तुम्हाला चमकी लावायची तर ती कधी आणि कशी उतरणार हे बाटली उघडण्याआधी ठरवावं लागेल. बाकीच्या बायका दोन दिवस जास्त ठेवू शकतात, तुम्ही नाही.

साधं नेलपेंट दोन हात पुसले की जातं आणि चमकीचं का जात नाही, हे एकदा कळलं की निम्मा वैताग कमी होईल. नेलपेंटचा थर मुख्यतः नायट्रोसेल्युलोज नावाच्या पदार्थाचा असतो. रिमूव्हरमधलं ॲसिटोन तो चटकन विरघळवतं. चमकी मात्र पॉलिएस्टरच्या पातळ पत्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा आणि रंग चढवून, त्याचे बारीक तुकडे करून बनवतात. आपल्या पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात, त्याच जातीचं हे प्लास्टिक. ॲसिटोन त्याला विरघळवत नाही. म्हणजे तुम्ही घासता तेव्हा आजूबाजूचा रंग सुटतो, पण प्रत्येक चमकी आपल्या पोटाखालचा रंग झाकून बसते. त्यात ॲसिटोन ५६ अंशांनाच उकळतं, म्हणजे उघड्यावर भराभर उडून जातं. ते उडालं की सैल झालेला रंग पुन्हा घट्ट होतो आणि कापसाचे तंतू वर चिकटून बसतात. वाइप्सची डबी म्हणूनच संपली. त्या इवल्याशा ओल्या चकतीत चमकीला पुरेल इतकं द्रावणच नसतं. तुमचं काही चुकलं नाही.

चुकलं ते ब्लेडचं. नख म्हणजे एकावर एक बसलेले पापुद्रेच असतात. ब्लेडने चमकीसोबत वरचे एक-दोन पापुद्रे निघाले, आणि ते काही परत चिकटत नाहीत. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं यायला जवळपास सहा महिने जातात. म्हणजे दिराच्या मुलाच्या लग्नापर्यंत नखं पूर्ण सावरणार नाहीत, हे धरून चाला. तोवर ती आखूड ठेवा. पापुद्रा उचलला गेला तर ओढू नका, बारीक कानशीने एकाच दिशेने घासून सपाट करा. रात्री झोपताना खोबरेल तेल नखांवर आणि मुळाशी चोळा. दिवसभर पाणी आणि पीठ, दोन्हींत हात, म्हणजे नखं कोरडी पडणारच. पांढरे डाग रंग जास्त दिवस राहिल्याने, खरवडल्याने आणि ॲसिटोनच्या कोरडेपणाने पडतात, नखाबरोबर वाढून निघून जातात. नख मांसापासून सुटत असेल, हिरवट-काळपट दिसत असेल, ठणकत असेल, तर मात्र मला पत्र लिहीत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

पोळीतल्या ठिपक्याचंही सांगते. हातमोजे घालूनही तो आला कुठून? ब्लेडने खरवडलेली चमकी उडते. ती केसांत बसते, गाऊनच्या बाहीवर बसते, हात पुसायच्या नॅपकिनवर बसते, आणि सकाळी तिथून परातीत. माझा अंदाज आहे की तुम्ही काढायला स्वयंपाकघरातच बसला होतात. यापुढे तिथे बसायचं नाही. त्याचं दुसरं, जास्त गंभीर कारण पुढे येतंय.

आता लग्नाचा बेत. शनिवारी हळदीच्या आधी काहीही लावू नका. हळद नेलपेंटच्या वरच्या पारदर्शक थराला धरते, चंदेरीची पितळी होते आणि धुऊन जात नाही. शिवाय हळदीच्या दिवशी पाणी, तेल, उटणं, सगळ्यांत हात. शनिवारी रात्री सगळं आटोपल्यावर, जेवणानंतर, लावायला बसा.

सगळी चमकी पायांच्या बोटांवर उधळा. पायांनी कोणी कणीक मळत नाही! तिथे हवी तेवढी जाड, हवी तेवढी भडक लावा. महिनाभर राहिली तरी गिऱ्हाइकाला कळणार नाही. हातांना मात्र मी तुमच्या जागी असते तर फक्त दोन्ही अनामिकांवर चमकी लावली असती आणि बाकीच्या आठ बोटांना त्याच रंगछटेचं साधं नेलपेंट. फोटोत अंगठीच्या बोटावरच नजर जाते. काढायला दोनच नखं. आणि आपण हाताने जेवणारी माणसं. लग्नाच्या पंगतीत वरण-भात कालवताना अंगठा आणि पहिली दोन बोटं राबतात, अनामिका त्यामानाने मागे असते. चमकीचा एखादा तुकडा चुकून पोटात गेला तर काही होत नाही, पण ती खायची वस्तू नव्हे.

या दोन नखांखाली सोलून निघणारा थर द्यायचा. बाजारात त्यासाठी ‘पील-ऑफ बेस कोट’ मिळतो. मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर लेकीच्या दप्तरातला हस्तकलेचा पांढरा गोंद चालतो. सुतारकामाचा जाड फेविकॉल नको, आणि फेविक्विकच्या वाटेला तर अजिबात जाऊ नका, तो गोंद वेगळा, तो नखावर घट्ट बसतो. पांढरा गोंद पाण्यात केलेला असतो, सुकला की पारदर्शक पापुद्रा होतो, आणि पाण्याने पुन्हा मऊ पडतो. आपल्याला नेमकं हेच हवं.

आधी नखं रिमूव्हरने एकदा पुसून तेल घालवा. खोबरेल तेलाचा शनिवारी उपास. मग तीन भाग गोंदात एक भाग पाणी कालवून जुन्या, स्वच्छ ब्रशने नखावर एक भरघोस थर द्या. पातळ दिला तर तो सोलताना तुकड्या-तुकड्याने निघतो. गोंद कातडीवर जाऊ देऊ नका. पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटांत पांढरेपणा जाऊन तो काचेसारखा दिसेल. दिसला नाही तर थांबा, अर्धवट ओल्या गोंदावर रंग दिला की सगळं सरकतं. त्यावर साध्या नेलपेंटचा एक हात, मग चमकी, मग वरचा पारदर्शक थर. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: रंग आणि चमकी गोंदाच्या सीमेच्या आतच राहायला हवी. जिथे ती बाहेर जाऊन थेट नखाला लागली, तिथे तिने मुक्काम ठोकलाच समजा.

चमकी ब्रशने लावली तर एका हातात पाच-सहा ठिपके पडतात आणि बाकी नुसतं पारदर्शक पाणी. मग आपण थरावर थर चढवतो आणि नख ढेकळासारखं होतं. त्यापेक्षा मेकअपच्या स्पंजचा बोटभर तुकडा कापा, त्यावर चमकीचं नेलपेंट घ्या, दोन क्षण थांबा आणि नखावर टेकवत जा. पातळ द्रावण स्पंज पिऊन घेतो, चमकी तेवढी नखावर उतरते. एका थरात नख भरतं. वरून पारदर्शक नेलपेंटचे दोन हात द्या, मधे दहा मिनिटं जाऊ द्या. बोट ओठावरून फिरवून बघा, खरखर लागली तर आणखी एक. हे सौंदर्यासाठी सांगत नाहीये. खरखरीत चमकी पैठणीच्या पदरात अडकते आणि जरीचा धागा ओढून काढते. नेसताना निऱ्या घालताय आणि मधेच ‘टच्च’ असा आवाज येतो, तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

हाताला सुकल्यासारखं पंधरा मिनिटांत लागतं, पण आत पूर्ण सुकायला जवळपास दिवस जातो. म्हणून लावून लगेच झोपू नका, सकाळी नखावर चादरीची वीण उमटलेली दिसते. तासभर गप्पा मारा. लग्नघरात गप्पांना तोटा नसतोच.

रविवारी या नखांना पाण्यापासून जपायचं. आंघोळीत कढत पाण्यात हात फार वेळ नको, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी लग्नघरातली भांडी घासायला बसू नका. हे कारण मी तुम्हाला फुकटात देतेय, वापरा.

रविवारी रात्री घरी आलात की कोमट पाण्यात दोन्ही हात पाच मिनिटं बुडवा. मग आगपेटीतल्या काडीचं गूल नसलेलं टोक नखाच्या मुळाशी, एका कडेने, हलकेच सरकवा. गोंद सुटत येईल तशी अख्खी चमकीची टोपी निघून येईल. तुमची नखं दुखावलेली आहेत, म्हणून कोरडं ओढू नका. कुठे अडलं तर पुन्हा पाण्यात. तरीही अडलं तर दुसरा उपाय, आणि तो तुमच्या केंद्रातच पडलाय.

पोळ्या गुंडाळता ती फॉइल! पार्लरमध्ये आम्ही तीच वापरायचो. फॉइलचे तीन-तीन इंचांचे चौकोन कापून आधीच तयार ठेवा. नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलीन किंवा तेल लावा, नखावर नको. मेंदी असेल तर हे मुद्दाम करा, नाहीतर ॲसिटोन बोटांच्या टोकांचा रंग उतरवतं. जुन्या टर्किश टॉवेलचे नखाएवढे तुकडे रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर ठेवा. कापूसही चालतो, पण चमकी त्याचे तंतू धरून ठेवते, टॉवेलची वीण तिला ओरबाडून नेते. वरून फॉइल घट्ट गुंडाळा. द्रावण उडून जायला वाट नाही, म्हणून ते चमकीच्या कडांनी आत शिरतं आणि तिच्या पोटाखालचा रंग सोडवतं. दहा मिनिटं घड्याळ लावून थांबा. मग फॉइलवरून नख दाबा, थोडं पिळा आणि टोकाकडे एका दमात ओढा. राहिलेल्या चुकार ठिपक्यांना ताजा तुकडा, आणखी दोन-तीन मिनिटं. उघडून बघायची घाई केली की द्रावण उडालं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा.

एका वेळी एकच हात. मी एकदा हुशारीने दहाही बोटं गुंडाळून बसले आणि दारावर गॅसवाला आला. कडी कोपराने उघडली. त्याने काय समजून सिलिंडर ठेवला देव जाणे.

रिमूव्हर घेताना बाटली वाचा. ‘ॲसिटोन-फ्री’ लिहिलेलं हाताला सौम्य असतं, पण चमकीपुढे ते फार वेळ खातं, फॉइलमध्येही. तुम्हाला वर्षातून दोनदाच लागणार असेल तर ॲसिटोनवालंच घ्या.

आणि हे काम स्वयंपाकघरात का नको, तर ॲसिटोन अतिशय ज्वालाग्राही आहे. बर्फाच्या थंडीतही त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. गॅसची शेगडी, देवघरातली समई, उदबत्ती, कासव छाप, शेजारी कोणाची सिगारेट, काही काही जवळ नको. खिडकी उघडी ठेवून, बाहेरच्या खोलीत किंवा गच्चीत बसा. फॉइल लवकर काम करावं म्हणून बोटं तव्याजवळ धरणारी एक बाई मला माहीत आहे. तिची फक्त भुवई जळली, तेवढ्यावर निभावलं. ऊबच हवी तर गुंडाळलेल्या हातावर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवा. भिजवायला वाटी काचेची किंवा स्टीलची घ्या. प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंना ॲसिटोन खातं, टेबलाचं पॉलिशही उतरवतं. माझ्या स्वतःच्या नथीच्या खोट्या मोत्यांवर एकदा ओला बोळा टेकला, तर मोत्यांची झिलई बोळ्यावर आली आणि नथीत प्लास्टिकचे मणी उरले. अंगठ्या, बांगड्या, नथ, सगळं आधी काढून ठेवा.

टूथपेस्ट, लिंबू, व्हिनेगर, डिओचा फवारा, सॅनिटायझर, हे सगळे टोटके लोक सांगतात. सॅनिटायझर आणि डिओमधलं अल्कोहोल साधा रंग थोडा मऊ करतं, चमकीचं त्याने काही बिघडत नाही. लिंबू वरणात पिळा. रंगाऱ्याचा थिनर मात्र चुकूनही नाही, त्यात काय-काय घातक असतं ते कातडीला दाखवू नका.

निघालेल्या टोप्या आणि बोळे कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका, बेसिनमध्ये नको. हे प्लास्टिक आहे, कुजत नाही, नाल्यातून पुढे जात राहतं. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली, नेलपेंटसारख्या प्रसाधनांना तिथे २०३५ पर्यंत मुदत आहे. आपल्याकडे अजून हळदी-कुंकवाच्या ताटापासून लग्नपत्रिकेपर्यंत चमकीच चमकी.

काढून झालं की जुन्या टूथब्रशने, साबण लावून, नखांच्या कडा आणि नखांखालची जागा घासा. मोबाईलचा टॉर्च लावून बघा, चमकी उजेडात लगेच चुगली करते. गाऊन बदला. केस विंचरून घट्ट बांधा, सकाळी डोक्याला रुमाल बांधा. आठ बोटांचं साधं नेलपेंटही त्याच रात्री उतरवा, कारण दोन दिवस जुन्या रंगाचे टवके कणकेत पडतात ते कोणाला चमकत नाहीत म्हणून दिसत नाहीत, एवढाच फरक. मग खोबरेल तेल. सकाळी पाचला साबणाने हात धुऊन कामाला.

लेकीला लावा की! तिला गोंदाचाच थर द्या, वर चमकी, आणि सोलायचं काम तिचं. मुलांना लावण्यापेक्षा सोलण्यातच जास्त मजा येते. नखं खायची किंवा बोट तोंडात घालायची सवय असेल तर फक्त पायांना. तिच्या नखांना ॲसिटोन लावायची वेळ येऊ देऊ नका, आणि बाटली तिच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. सोमवारी शाळेत बाई ओरडतील, म्हणून तिचीही रविवारी रात्रीच.

एक मेंदीचं राहिलं. मेंदी काढणार असाल आणि नखं लाल व्हायला नको असतील, तर मेंदीच्या आधी नखांवर पारदर्शक नेलपेंटचा हात द्या आणि मेंदी झाडल्यावर ते पुसून टाका. नखावर चढलेली मेंदी कशानेच जात नाही, नख वाढेल तशीच पुढे सरकते.

आणि सोनेरी की चंदेरी? मेंदीच्या हाताला सोनेरी. चंदेरीने मेंदी मातकट दिसते, असं माझं मत, नणंदबाईंचं वेगळं असू शकतं. फार मोठ्या टिकल्यांची चमकी घेऊ नका, त्या नखाच्या गोलाईवर बसत नाहीत, कडा उचलतात. बारीक भुकटीसारखी सोनेरी घ्या. आणि फॉइलचा जो रोल नखांना वापराल तो घरीच ठेवा, केंद्रात परत नेऊ नका.